तलावावरचा दुपारचा तास

लग्न होऊन या घरात आल्यापासून मेंबरबाईंना अंथरुणात चहा दोनदाच मिळाला होता. एकदा टायफॉइड झाला तेव्हा, आणि आता या आठवड्यात. त्यातल्या त्यात हा आठवडा बरा. तोंडाला चव तरी होती.

चहा खुद्द सासूबाई आणत. कपाखाली बशी, बशीत बिस्किटं आणि बिस्किटांच्या आडून धाकट्या मुलाची शिफारस.

"घे गं, गरम आहे तोवर. सभा बुधवारीच ना?"

"बुधवारीच."

"नाही, म्हटलं पुढे ढकलली असली तर. आणखी एक घे. उपाशी पोटी माणसाचा हात वर जात नाही."

नवराही बदलला होता. चष्म्याचं दुकान चालवणारा हा माणूस, पण घरात चमचे कुठे असतात ते त्याला आजवर दिसलं नव्हतं. तो आता जेवण झालं की खांद्यावर फडकं टाकून ओट्यापाशी उभा राही आणि ताटल्या पुसून पुसून चष्म्याच्या काचांसारख्या उजेडात धरून बघे. धाकटा दीर येता-जाता "वहिनी, बाजारातून काही आणायचंय?" विचारी. मेंबरबाईंनी पहिल्या दिवशी कोथिंबीर सांगितली, दुसऱ्या दिवशी बटाटे, तिसऱ्या दिवशी धीर करून गव्हाचं दळण.

कारण उघड होतं. पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर दुपारचा एक तास बायकांचा असे. त्या वेळी जाळीच्या कुंपणावर ताडपत्री ओढत, पुरुष कर्मचारी बाहेर चहाला जात, आणि आतून नुसते हसण्याचे आवाज येत. आता तो तास जलतरण क्लबने मागितला होता. निवड चाचण्या जवळ आल्या होत्या, मुलांना सकाळ-संध्याकाळचा सराव पुरत नव्हता, दुपारी पाणी कोमट असतं. क्लबचा कोच म्हणजे या घरातला धाकटा. त्याला आता घरातही कोचच म्हणत. पाळण्यातलं नाव त्याच्या आईलासुद्धा रागावल्यावरच आठवे. पालिकेत अध्यक्ष सोडून नऊ मेंबर. चार क्लबच्या बाजूने, चार बायकांच्या. नववा हात मेंबरबाईंचा.

गोष्ट एवढीच होती की तो हात वरच जाणार नव्हता. शपथ घेतली त्या दिवशीच सचिवांनी समजावलं होतं: ज्या विषयात आपल्या घरच्या माणसाचा संबंध, त्या विषयाला उभं राहून तसं सांगायचं आणि बाहेर जाऊन बसायचं. मेंबरबाईंनी घरात कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. हात कुठल्या बाजूने वर जाणार, एवढंच सगळे विचारत होते. जाणार का, हे कुणी विचारलंच नव्हतं. न विचारता सांगायला जावं तर दळण पुन्हा स्वतःच आणावं लागलं असतं.

आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती आणि ती मात्र त्यांनी मनाच्या तळाशी ठेवली होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्या गच्चीवर टाकीचा बोळा तपासायला गेल्या, तर टाकीमागे, जिथे घरातलं कुणी वाकून बघणार नाही अशा ठिकाणी, पोहण्याचा काळा पोशाख वाळत घातलेला. मोठ्या मापाचा. घरात त्या मापाचं एकच माणूस होतं, आणि ते माणूस रोज दुपारी वाचनालयात जातो म्हणून बाहेर पडत असे. एका बाजूने पोशाख वाळला होता. मेंबरबाईंनी तो उलटा केला आणि खाली आल्या. त्या संध्याकाळी आतेसासूबाईंनी, घरातल्या सगळ्यांच्या आत्यांनी, त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि वाढताना भाताचं भांडं आधी त्यांच्याकडे सरकवलं. दोघी त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर पोशाख नेहमी उलटलेला असे.

*

रविवारी जावई जेवायला आला. त्याच्या बायकोची, म्हणजे या घरच्या ताईची, इस्पितळात ड्युटी होती, म्हणून तो एकटाच आला. ही गोष्ट थोरल्याला, म्हणजे मेंबरबाईंच्या नवऱ्याला, मुळीच आवडली नाही, कारण ताई असली की जावयाला गप्प करणारं एक माणूस तरी टेबलाशी असे.

जावई गावच्या साप्ताहिकात पालिकेच्या बातम्या लिही. कुठली मोरी तुंबली, स्केटिंगच्या मैदानावरचे दिवे कधी लागणार, रविवारी बागेत बँड वाजणार की वाजवणारा रजेवर आहे, सगळं. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या कानाला झाकण नव्हतं. आईने, म्हणजे सासूबाईंनी, एकदा जेवताना सहज म्हटलं, की बागेतल्या बाकांना दिलेला रंग बघून मळमळतं. पुढच्या अंकात 'एका ज्येष्ठ महिलेस बागेत मळमळ' असा मथळा आला आणि आरोग्य खात्याची दोन माणसं पाण्याचे नमुने न्यायला बागेत आली. तेव्हापासून घरात नियम झाला: बोलणाऱ्याने आपल्यासमोरचा पेला उपडा घातला, की ते बोलणं छापायचं नाही. जावई हा नियम कसोशीने पाळी. मात्र पेला सरळ असला की तोही आपला हक्क पाळी.

त्या दुपारी आईचा पेला ताटं वाढायच्या आधीच उपडा होता.

"जावईबापू, तुम्ही पालिकेत रोज असता. आता तुम्हीच सांगा, ती पोरं पदकं आणतील का नाही? गावाचं नाव होईल का नाही?"

"होईल की."

"आणि त्या बायका काय आणतात? पडसं!"

"आई," कोच म्हणाला, "तसं नको बोलू. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण मला तास नाही मिळाला, तर कमिटी क्लबच उचलून शेजारच्या शहरात नेईल. त्यांच्याकडे बंदिस्त तलाव आहे. मग मलाही तिकडेच राहायला जावं लागेल."

"ऐकलंस?" आई थोरल्याकडे वळली. "भाऊ घर सोडून चाललाय. बोल की काहीतरी."

थोरल्याने घास गिळला. 'हे बरं दिसतंय, की हे?' असं समोरच्याला विचारण्यात त्याचा जन्म गेला होता. आपल्याला काय बरं दिसतं, हे त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं की तो बावरे. "मला वाटतं," तो म्हणाला, "हिला जे योग्य वाटेल ते. पण कोचचाही विचार व्हावा. आणि बायकांचाही."

"झालं! दोन्ही डोळ्यांना वेगळा नंबर."

"पण वहिनींना कुठे मत देता येणार आहे?" जावई बटाट्याची भाजी वाढून घेत म्हणाला. त्याच्या आवाजात काही खळबळ नव्हती. "सख्खा दीर कोच. उठून बाहेरच जावं लागतं अशा वेळी. बातमी तयार आहे माझी."

थोरल्याने आधी बायकोकडे पाहिलं, मग ओट्यापाशी वाळत घातलेल्या फडक्याकडे.

"हे खरंय?" आईने विचारलं.

"खरंय," मेंबरबाई म्हणाल्या.

"कधीपासून?"

"निवडून आले तेव्हापासून."

"मग आठवडाभर तो चहा?"

"छान होत होता, आई."

कोचला आधी हसू आलं. मग दळणाचा डबा आठवला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "वहिनी, एका शब्दाने बोलायचंत ना!"

"तुम्ही एका शब्दाने विचारायचं होतंत, भाऊजी."

"सूनबाई, तू भलतीच पक्की निघालीस," आई म्हणाली, आणि त्यात राग किती आणि कौतुक किती हे तिचं तिलाही कळलं नसावं. पण आईचं डोकं अशा वेळी कधी थांबत नसे. "थांबा. ही गेली बाहेर. म्हणजे चार इकडे, चार तिकडे. मग?"

"मग अध्यक्षांचं मत," जावई म्हणाला. "बरोबरी झाली तरच ते मत देतात. त्यांची नात क्लबमध्येच आहे."

"अरे, मग झालं की आपलं काम!"

"आपलं म्हणजे कुणाचं?" आत्यांनी विचारलं.

आत्या म्हणजे आईच्या वारलेल्या नवऱ्याची, अण्णांची, बहीण. सबंध नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. लोकांच्या तारा जोडून द्यायच्या आणि मधे आपण बोलायचं नाही, ही सवय त्यांनी निवृत्तीनंतर घरातही ठेवली होती. त्यामुळे त्या बोलल्या की सगळे आधी दाराकडे बघत, कुणी आलं का म्हणून.

"आपलं म्हणजे घराचं, वन्सं," आई म्हणाली.

"मग मी घरातली नाही का? त्या तासाला मी जाते."

"कुठल्या तासाला?"

"बायकांच्या. तलावावर."

"तुम्ही वाचनालयात जाता!" आई म्हणाली.

"वाचनालय दुपारी बंद असतं, वहिनी. इतक्या वर्षांत तुम्ही एकदा गेला असतात तर कळलं असतं."

मेंबरबाईंनी हात लांब करून आत्यांसमोरचा पेला हळूच उपडा घातला. आत्यांनी तो उचलून पुन्हा सरळ ठेवला.

"राहू दे. छापायचं तर छापा, जावईबापू. वय तेवढं छापू नका."

"या वयात पाण्यात?" आईने हातातला घास ताटात ठेवला. "कपडे काढून?"

"कपडे घालूनच जाते. वेगळे असतात."

"बुडाला असतात म्हणजे?"

"तर तुमच्या बाकांच्या रंगापेक्षा चांगली बातमी झाली असती."

जावयाने मान खाली घातली. आत्यांनी ताटातला भात चमच्याने एका कडेला केला, आणि एक्स्चेंजमधल्या त्याच सपाट आवाजात सांगून टाकलं. "डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सांगितलं म्हणून गेले होते. गुडघा कधीच बरा झाला. आता खोल बाजूला जाते. कड धरून पाण्यात पाय मारत राहायचं, उभ्या उभ्या, सायकलसारखे. मग कड सोडायची. माझा एक हात सुटतो. दुसरा सुटत नाही. सुटेल, असं तिथे शिकवणाऱ्या मास्तरीणबाई म्हणतात. मलाही वाटतं. तेवढा हंगाम मला हवाय. पुढच्या हंगामाचं मी आता काही धरून चालत नाही."

थोरल्याला एकदम जाणवलं, की गेली कित्येक वर्षं आत्यांच्या डोळ्यांचा नंबर आपण काढतो आणि त्या दुपारी कुठे जातात ते आपल्याला माहीत नाही. त्याने उगाचच त्यांना पापड वाढायला हात पुढे केला, पापड नव्हताच, म्हणून काकडी वाढली.

*

जेवणं उरकल्यावर कोच मागच्या पायऱ्यांवर बसला होता. आत्या चहा घेऊन आल्या आणि एक पायरी वर टेकल्या.

"राग आलाय?"

"नाही."

"लहानपणी राग आला की तुझे कान लाल व्हायचे. अजून होतात."

"आत्या, मी या गावातल्या शेंबड्या पोरांना पोहायला शिकवलं. पोस्टमास्तरांना शिकवलं. त्या बँकवाल्याला शिकवलं, त्याला तर अंघोळीची भीती वाटायची. आणि तू माझ्याकडे नाही आलीस?"

"आले असते तर तू शिकवलं असतंस."

"मग?"

"पंधरा दिवसांत शिकवलं असतंस. शिट्टी मारून. हात असा, पाय तसा, चल, पुढचा कोण? मी पाहिलंय तुला कुंपणाबाहेरून. चांगला शिकवतोस. पण मला तिथे चुकायचं होतं रे. एकाच ठिकाणी, रोज. आम्ही सगळ्या चुकतो तिथे. ती बेकरीवाल्याची आई तर वर्षभर नुसती पायरीवर बसून पाय भिजवते. तिला कुणी विचारत नाही, कधी उतरणार."

कोचला हे पटलं नाही. चूक दिसली की ती सुधारायची, यावर तर त्याचं पोट होतं. पण त्याने तसं म्हटलं नाही.

"माझी मुलं चांगली आहेत, आत्या. खरंच चांगली आहेत. एक मुलगी आहे, पाण्यात शिरली की आवाजसुद्धा होत नाही. दुपारचा सराव मिळाला तर ती निवडली जाईल. नाही मिळाला तर मला तिच्या बापाला तोंड दाखवता येणार नाही."

"मग तू मागतोयस ते बरोबरच आहे."

"आणि तू?"

"मीही बरोबर. म्हणून तर पंचाईत आहे. एकजण चूक असता तर तुझ्या आईने केव्हाच निकाल लावला असता."

तो हसला. मग म्हणाला, "तू सांग. तू म्हणालीस तर मी अर्ज मागे घेतो."

आत्यांनी चहा संपवला. "हे बघ, असलं ओझं माझ्या अंगावर टाकायचं नाही. मी म्हणायचं, तू मागे घ्यायचं, आणि ती पोरगी हरली की माझ्याकडे बघायचं. तू माग. मी बुधवारी येऊन बसते. जे होईल ते समोर होऊ दे."

*

पालिकेच्या सभेला श्रोते म्हणून नेहमी तीन माणसं असत: जावई, एक निवृत्त कारकून, आणि पंख्याखाली झोपायला येणारा एक गृहस्थ. त्या बुधवारी खुर्च्या कमी पडल्या. डाव्या बाजूला क्लबची पोरं आणि त्यांचे आईबाप. उजव्या बाजूला बायका. आई डावीकडे बसली होती आणि आत्या उजवीकडे. थोरला दारात उभा होता, मधोमध.

जावयाने वही उघडली. मोरीचा विषय झाला. बुद्धिबळाच्या टेबलांवर छत्री असावी की झाड लावावं, यावर बरीच गंभीर चर्चा होऊन दोन्ही नामंजूर झालं. मग सचिवांनी तलावाचा विषय वाचला आणि मेंबरबाई उभ्या राहिल्या.

"अध्यक्षमहाराज, माझे दीर क्लबचे कोच आहेत. म्हणून मी या विषयाला बसू शकत नाही."

अध्यक्षांनी मान हलवली. हे अपेक्षितच होतं. अध्यक्षांचं औषधांचं दुकान होतं, आणि लोकांना काय होतंय ते त्यांना बहुधा आधीच माहीत असे.

"आणि," मेंबरबाई पुढे म्हणाल्या, "माझ्या आतेसासूबाई बायकांच्या बॅचला जातात. एका बाजूचं नातं सांगायचं आणि दुसऱ्या बाजूचं गिळायचं, हे बरं नाही. दोन्ही सांगून जाते."

त्या गेल्या. दार लागायच्या आत गॅरेजवाले मेंबर चुळबुळले. "अध्यक्षमहाराज, हे असं असेल तर माझी मिसेससुद्धा त्या बॅचला जाते."

"बसा हो तुम्ही."

"बसू कसा? त्यांनी आतेसासू सांगितली. मी बायको लपवू?"

ते गेले. मग मुख्याध्यापिका असलेल्या मेंबर उठल्या. त्यांचा मुलगा डावीकडे बसून त्यांच्याकडेच बघत होता. त्या गेल्या. मग उपाध्यक्ष बेकरीवाले उठले, "आमच्या आई," एवढंच म्हणाले, आणि तेही गेले. प्रत्येक वेळी दार उघडलं की बाहेरच्या बोळातून गप्पांचा आवाज येई, आणि आत बसलेल्यांना वाटे की आपण चुकीच्या खोलीत आहोत.

"आता कुणीही उठायचं नाही!" अध्यक्ष म्हणाले.

जावयाने भराभर हिशेब मांडला. आत पाचजण उरले होते. तीन क्लबचे, दोन बायकांचे. म्हणजे मेंबरबाईंनी उठून जो पायंडा पाडला, त्याने बायकांचाच घात झाला. आईनेही हाच हिशेब केला असावा, कारण तिने पर्समधून खडीसाखर काढून शेजारच्या पोराला दिली. उजवीकडे आत्या सरळ बसल्या होत्या. जावयाने त्यांच्या हाताकडे पाहिलं. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"तर ठरावाच्या बाजूने असलेल्यांनी हात—"

"अध्यक्षसाहेब," आत्या म्हणाल्या.

"श्रोत्यांना बोलता येत नाही, आत्या."

"बोलत नाही. एक निरोप होता. कालच तुमच्या घरच्या भेटल्या तलावात. किती छान तरंगतात हो! पाठीवर. म्हटलं तुमच्या कानावर घालावं."

सभागृहात आधी काहीच झालं नाही. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून मात्र बरंच काही गेलं. त्यांची बायको दुपारी बहिणीकडे विणकाम करायला जात असे, आणि गावाला ठाऊक होतं की त्या विणकामातून आजवर एक मोजाही बाहेर आलेला नाही. मग उजवीकडे कुणीतरी फुसकन हसलं, आणि बांध फुटावा तसं सगळं सभागृह हसलं. झोपलेले गृहस्थ जागे झाले.

"नातीचं ठीक आहे," सचिव हळूच पुढे वाकले. "नातीचं आपण बोललो नव्हतो. पण आता हे सगळ्यांसमोर..."

अध्यक्ष उठले. त्यांनी पेन खिशाला लावलं, ते खाली पडलं, ते उचललं. खुर्ची मागे सारली. दोन्ही हात पुढे धरून, अंधारात भिंत चाचपावी तसे ते टेबलांमधून वाट काढत दारापर्यंत गेले. दारात थोरला होता. त्याने सवयीने विचारलं, "नीट दिसतंय ना?" अध्यक्ष बाहेर गेले.

"आता अध्यक्षपदी उपाध्यक्ष," एक मेंबर म्हणाला.

"ते बोळात आहेत," सचिव म्हणाले.

"मग आमच्यातल्या कुणाला तरी बसवा."

"बसवायला सभेने निवडावं लागेल. आणि सभा म्हणायला खुर्चीत कुणीतरी असावं लागेल." सचिवांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांना इतका निखळ आनंद क्वचितच झाला असेल. "विषय पडला. या हंगामात पुन्हा घेता येणार नाही. वेळापत्रक आहे तसं राहील."

बोळात मेंबर लोक बाकावर दाटीवाटीने बसले होते आणि बेकरीवाल्यांनी कुठूनतरी चहा मागवला होता. कोच भिंतीला टेकून उभा होता. मेंबरबाई त्याच्याजवळ गेल्या.

"भाऊजी, मला वाटलं होतं मी एकटीच बाहेर येईन."

"मलाही तसंच वाटलं होतं." त्याने बोळाकडे पाहिलं. "वहिनी, या गावात क्लब काढायचा म्हणजे आधी अनाथ लोक गोळा करायला हवेत."

तो हसला, पण कान लाल होते. आतून पोरं बाहेर येत होती. एक बारीकशी मुलगी त्याच्यासमोर येऊन थांबली. कोचने तिला सांगितलं, की उद्यापासून दुपारी शेजारच्या शहरात, बसने, तो स्वतः घेऊन जाईल, जागा खिडकीची. तिने मान हलवली. मेंबरबाईंनी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं की जिंकल्यासारखं काहीच वाटत नाहीये, आणि तसं वाटू नये हेच बरं.

रविवारनंतर अंथरुणात चहा येत नव्हता, तसा दुसऱ्या दिवशी सकाळीही आला नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळ्यांचा ठेवला. आई टेबलाशी बसली होती.

"साखर कमी घाल," ती म्हणाली. मग साखरेचा डबा पुढे सरकवत म्हणाली, "वन्संना तो पोशाख कुणी आणून दिला?"

"त्यांनीच घेतला."

"माझ्या मापाचा मिळतो का? नाही, आपलं विचारते."

*

गुरुवारी ताडपत्री ओढली गेली तेव्हा तलावावर नेहमीपेक्षा गर्दी होती. काही बायका पहिल्यांदाच आल्या होत्या आणि काय चाललंय ते बघायला कपड्यांनिशी कडेला बसल्या होत्या. बेकरीवाल्याची आई पायरीवर पाय भिजवत होती. मास्तरीणबाई, रुंद खांद्यांच्या आणि कमी बोलणाऱ्या, खोल बाजूला पाण्यात उभ्या पायांनी सायकल मारत होत्या. त्यांच्यासमोर आत्या, उजवा हात कडेला.

"डावा सोडलात ना? आता घाई नाही. पाय चालू राहू देत."

आत्यांचे पाय चालू होते. उजव्या हाताची बोटं तशीच होती, बुधवारी खुर्चीच्या पाठीवर होती तशी.

अध्यक्षांच्या बायको पाठीवर तरंगत तिथे आल्या. खरंच छान तरंगत. एखादी उशी वाहत आल्यासारख्या.

"आत्या, तुमच्यावर मी रागावणार होते," आकाशाकडे बघत त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी रात्री जेवताना पहिल्यांदा मला विचारलं, की बुडत कशी नाहीस. लग्नाला इतकी वर्षं झाली, एवढं लक्ष देऊन कधी काही विचारलं नव्हतं. पण सभेचं काही सांगत नाहीत. नक्की झालं काय हो? कसे उठले?"

"सांगू?"

"सांगा ना! सगळ्या थांबल्यात."

खरंच थांबल्या होत्या. आठ-दहा ओली डोकी आत्यांकडे वळली होती.

"आधी मी म्हटलं, एक निरोप होता," आत्या सांगू लागल्या. "तर ते असे बघताहेत माझ्याकडे. मग सचिव वाकले. मग पेन खिशाला लावायला गेले, ते पडलं. उचललं. आणि मग निघाले, ते कसे माहीत आहे का? हे असे!"

आणि आत्यांनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढले आणि अंधारात भिंत चाचपावी तसे पुढे धरले.

बायका हसल्या. पायरीवरची म्हातारी इतकी हसली की तिला खोकला लागला. अध्यक्षांच्या बायको हसता हसता तरंगायचं विसरल्या आणि नाकात पाणी गेल्याने फडफडून उभ्या झाल्या. आत्या अजून अध्यक्षच होत्या. हात डावीकडे, हात उजवीकडे, टेबल लागलं, खुर्ची लागली. कड त्यांच्यापासून हातभर मागे राहिली होती, मग आणखी थोडी. पाय आपले आपण चालले होते.

मास्तरीणबाईंनी ते पाहिलं. त्या पुढे झाल्या नाहीत, हात दिला नाही, आणि शाबास म्हणायचा मोह झाला तो दातांखाली धरला. त्यांनी फक्त विचारलं, "मग? दारापाशी पोचल्यावर पुढे काय झालं?"